तो ड्रम आता मागू नका

अहो,

एवढा संसार झाला आपला, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तुम्ही लांब कुठं गेलातच कधी? सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघायचात, दुपारच्या भाकरीला घरात हजर. मग लिहायचं कुणाला? आज लिहिते आहे, कारण उद्या सकाळी मी आपल्या लेकीच्या, शालूच्या शेजारी जीपमध्ये बसून पाण्याच्या खेपेला जाणार आहे, आणि नाल्याच्या उतारावर तुम्ही भेटाल. हे मला आज दुपारी कळलं. तुम्हाला समोर बघून माझ्या तोंडातून शब्द फुटेल याचा भरवसा नाही. म्हणून आधी कागदावर बोलून घेते.

तुम्हाला जाऊन कितीतरी महिने झाले. दहावं झालं, तेरावं झालं, गोडजेवण झालं. सगळं रीतीनं केलं आम्ही. मग तुम्ही जात का नाही?

दहाव्याला तर गाव तोंडात बोटं घालून बघत राहिलं होतं. नदीला पाणी नाही आणि काठाला कावळा नाही. यंदाच्या दुष्काळात कावळेसुद्धा जनावरांच्या मागं चारा छावणीत राहायला गेले. शेवटी तुमच्या थोरल्या दादांनी पिंड उचलून छावणीच्या कडेला नेऊन ठेवले. दादा हात मागं घेतात न घेतात तोच कावळा आला आणि शिवून गेला! ना कुणी लेकीच्या लग्नाचं कबूल केलं, ना कुणी म्हशी सांभाळू म्हटलं. दादा म्हणाले, भानुदासची काही इच्छा मागं राहिली नाही. मलाही तेव्हा बरं वाटलं. मग ही इच्छा नंतर कुठून उगवली तुम्हाला?

ती जीप! दुसरं काय असणार?

तिला मी माझी सवत म्हणायचे, आठवतं? आणि तुम्ही हसून म्हणायचात, एक कुठं, तीन हायत. खोटं नव्हतं ते. मागच्या मोठ्या दुष्काळात तालुक्याच्या दूध संघाचं दूध आटलं. वाटेवरच्या गावांतले कॅन रिकामे परत यायला लागले आणि संघाच्या तिन्ही जीपा शेडमध्ये उभ्या राहिल्या. तेव्हा संघाच्या मेस्त्रीनं तिघींची मिळून एक चालती केली. सांगाडा आणि कागदपत्रं एकीची, इंजिन दुसरीचं, गिअर आणि चाकं तिसरीची. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम तर कुठल्याच जीपचा मिळाला नाही, म्हणून टेम्पोचा बसवला. ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं लोखंडी पातेलं, ते आतून धरलं की चाक थांबतं, हे मला तुम्हीच भाकरी खाता खाता समजावलं होतं.

म्हणजे उजवा ड्रम जीपचा, लहान. डावा टेम्पोचा, मोठा. ब्रेक दाबला की डावं चाक आधी आणि घट्ट धरायचं, आणि गाडी डावीकडं ओढायची. संघाचे ड्रायव्हर तुम्हीच; पायानं ब्रेक दाबायचात आणि त्याच वेळी हातानं स्टेअरिंग उजवीकडं खेचायचात. संघ बुडाला, लिलावात ती जीप तुम्ही घरी आणली, तरी तेच चालू. दुसऱ्या कुणाला तिला हात लावू दिला नाहीत.

खेचून खेचून तुम्हीच उजवीकडं झुकलात. भाकरीला बसलात तरी उजवीकडं, बाजेवर टेकलात तरी उजवीकडं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या फोटोत सगळे सरळ उभे आणि तुम्ही तेवढे कललेले. फोटोवाला हाका मारून थकला.

मग यंदा पुन्हा दुष्काळ आला. अर्धं गाव ऊस तोडायला गेलं. जे राहिले त्यांची बहुतेक जनावरं आपल्या दूध सोसायटीनं घेतलेल्या छावणीत बांधली. तुम्ही जीपच्या मागं काळी प्लास्टिकची टाकी टाकलीत आणि वरच्या विहिरीवरून छावणीला पाणी आणायचं काम घेतलंत. तुमची खेप चुकली की जनावरं ओरडायची, ती घरापर्यंत ऐकू यायची.

शालूचं आयटीआय झालेलं. पोरीच्या जातीला कुठं मोटार मेकॅनिक, म्हणून लोक हसले होते. तुम्ही हसला नव्हतात, हे तेवढं तुमच्या पदरात टाकते. ती एकदा तुमच्याबरोबर खेपेला आली आणि घरी उतरली ती पांढरीफटक होऊन. भरली टाकी, नाल्याचा उतार आणि डावीकडं ओढणारी गाडी! तिनं तुम्हाला तोंडावर सांगितलं की डाव्या चाकाला जुळणारा ड्रम घालायचाच.

“अगं, ती तशीच हाय,” तुम्ही म्हणालात. “तिची खोड मला ठावं, माझी तिला.”

“आन एखाद्या दिवशी टायर फुटलं तर अण्णा? टाकीसकट जाताल.”

लेकीपुढं तुमचं कधी चाललं होतं?

जुळणारा ड्रम म्हणजे काय सोपी गोष्ट होती का! बीडच्या मोठ्या दुकानात तिनं आरसी बुक दाखवलं. दुकानदारानं त्यावरून ड्रम काढून दिला. घरी आणला तर बोल्टांची भोकंच जुळेनात. कागद एका गाडीचे आणि चाक दुसऱ्या गाडीचं, मग जुळणार कसं? केजला फिरली, अंबाजोगाईला फिरली. घाटनांदूरला कुणाच्या गोठ्यामागं मोडकी जीप पडली आहे असं कळलं म्हणून तिथं गेली. त्या जीपच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, पण चारही ड्रम आधीच कुणीतरी काढून नेलेले. प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, नमुना आणलाय का? नमुना आणायचा तर गाडी उभी करावी लागणार आणि गाडी उभी केली की छावणी तहानेली.

शेवटी तिनं युक्ती केली. दुपारच्या भाकरीच्या वेळात उजवं चाक खोलून ड्रम जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठेवला, पेन्सिल फिरवली, भोकं काढली आणि तो कागद कापून घेतला. ते कागदी पातेलं घेऊन पोर गावोगाव हिंडली. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात शेतकी खात्याची एक जीप गवतात रुतून उभी होती. तिथं जुळलं! रीतसर परवानगी काढून तिनं ड्रम आणला. त्या दिवशी ती जेवताना सारखी हसत होती. तुम्ही तिच्या ताटात स्वतःच्या हातानं गूळ वाढला होतात.

केजच्या गॅरेजात ड्रम बसला, टेम्पोचा जुना भंगारात गेला, आणि जीप सुतासारखी सरळ थांबायला लागली. तुम्ही छावणीच्या मैदानात एक चक्कर मारलीत आणि घरी येऊन मला हळूच म्हणालात, “लई परकी वाटती गं. आपली जीपच न्हाई वाटत.”

मी हसले. म्हटलं, तीन सवतींची एक झाली म्हणून करमत नसेल. तुम्ही नाही हसलात.

त्याच आठवड्यात उताराला शेळ्या आडव्या आल्या. तुम्ही ब्रेक दाबलात आणि जीप उजवीकडं नाल्यात गेली. लोक म्हणाले टाकीतलं पाणी हिंदकळलं. मी काय म्हणणार? त्या दिवशी आख्ख्या शिवारात ओल होती ती फक्त तुमच्या अंगाखाली. आम्ही पोचेपर्यंत छावणीतली वासरं दावं तोडून वास काढत तिथं आली होती. त्यांना हाकलायला माझा हात उठला नाही.

नंतर सोसायटीनं जीप वर काढली, दुरुस्त केली. चालवायला माणूस मिळेना. शालू म्हणाली मी चालवते. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, पण जनावरं ओरडत होती. दुसऱ्या दिवसापासून खेपा सुरू झाल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. तरी सांगते, कारण मला कसं कळत गेलं ते तुम्हाला माहीत नसेल.

केजला बसस्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी फॅनबेल्ट आणायला गेले होते. दुकानदार मला बघून म्हणाला, “भाऊ कालच येऊन गेले की. तुमी कावून आल्या?” त्याला बिचाऱ्याला काही कळलेलं नव्हतं. मी विचारलं, कोणते भाऊ? तर म्हणाला, तुमचेच, दूध संघवाले, असे उजवीकडं कलून उभे राहतात ते. ड्रम आहे का म्हणून विचारत होते. दोन्ही हातांनी हवेत गोल करून माप दाखवलं. मग तो जरा नाराजीनं म्हणाला की भाऊंनी फरशी सगळी ओली केली, पायजम्यातून पाणी गळत होतं, एवढं पाणी आणलं कुठून?

मी खाली बघितलं. काउंटरपुढं फरशीवर गोल डाग होता आणि दुकानातलं मांजर तो चाटत होतं.

मी कुणाला बोलले नाही. माणसाची चूक होते. उन्हानं डोकं फिरतं. पण मग अंबाजोगाईच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, आणि तो तर तुमच्या मातीला आला होता. बोलताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. भर दुपारी आले, म्हणाला, ड्रम मागितला, थांबले आणि गेले. त्यानं त्या दिवशी शटर ओढून घेतलं होतं. तुम्ही उभे होतात तिथली माती उकरून त्यानं बाहेर टाकली होती, तरी ती जागा वाळत नव्हती. मी हात लावून बघितला. गार होती.

जाऊबाई म्हणाल्या, तुझा चेहरा उतरलाय, नारायणगडावर जाऊन ये, मन शांत होईल. मी म्हटलं, मन शांतच आहे. त्यांना काय सांगू, की तुम्ही जाता ती दुकानं भिजतात?

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला! तुम्ही कुठंतरी आहात, हिंडताय, मेलं तरी गॅरेजचं वेड सुटलं नाही, याचाच आनंद. मग मी नटबोल्ट घ्यायच्या निमित्तानं जायला लागले. ग्रीस आणायला, तार आणायला. तुम्ही आला होतात का, एवढं एक ऐकायला. दुकानदार मला बघून कावरेबावरे व्हायचे. रागही यायचा तुमचा. एवढी दुकानं पालथी घालता, मग स्वतःच्या घरचा उंबरा कसा आठवत नाही?

मला वाटलं, तुम्ही शालूसाठी हिंडताय. एखादा जास्तीचा ड्रम घरात असावा, पोरीचा खोळंबा नको. मरूनसुद्धा लेकीची काळजी! मी मनात तुमचं केवढं कौतुक केलं.

ते कौतुक रहीमचाचांच्या भंगारात उतरलं.

रहीमचाचा म्हणजे केजच्या नाक्यावरचे भंगारवाले, तुमचे जुने चहाचे सोबती. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि बराच वेळ दुसरंच काही बोलत राहिले. मग म्हणाले, “भाभी, भाऊ येतेत. नवा नको म्हणतेत. तो मोठा मागतेत, टेम्पोचा. तुमच्याच गाडीतनं निघालेला.”

मी विचारलं, मग दिला का नाही?

“म्हणलं घ्या, तुमचाच हाय. दोन्ही हातानं धरला. पन उचलना त्यांच्यानं. कुनी द्यावा लागतोय वाटतं.”

त्यांनी तो ड्रम दाखवला. या उन्हात लोखंडाला गंज चढत नाही, त्यांच्या अंगणातलं सगळं भंगार कोरडं ठणठणीत. आणि त्या ड्रमवर दोन्ही बाजूंना ताजा, नारिंगी गंज होता. बोटांसकट. उजव्या हाताचा अंगठा तुमचा वाकडा होता ना, कॅन पडून मोडलेला? तो गंजही तसाच वाकडा होता.

मी घरी येईपर्यंत एकच विचार करत होते. जुना कशाला? जुना तर वाईट होता. त्यानं गाडी ओढायची.

आणि मग वस्तीवरच्या हापशावर मला कळलं. तो हापसा कितीतरी दिवस जड झाला होता. सगळं अंग टाकून दांडा दाबावा लागायचा. पंचायतीनं दुरुस्त केला, हे मला ठाऊक होतं, डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी घागर लावली आणि सवयीनं दांड्यावर सगळं अंग टाकलं. दांडा सर्रकन खाली गेला आणि मी हनुवटीवर आपटले. बायका हसल्या. मी तिथंच खाली बसले. हनुवटीतून रक्त येत होतं आणि मला नाल्याचा उतार दिसत होता. शेळ्या आडव्या आल्या. तुम्ही ब्रेक दाबलात. जीप सरळ थांबत होती, पण तुमच्या हातानं इतक्या वर्षांच्या सवयीनं स्टेअरिंग उजवीकडं खेचलं.

टाकीतलं पाणी नव्हतं ते. तुमचा हात होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची मेल्यावरही गेली नाही! अजून तोच ड्रम मागता, कारण तुमच्या हाताला तेवढी एकच जीप येते.

मग मला दरदरून घाम फुटला. तुमच्यासाठी नाही. शालूसाठी. तिनं बसवलेला ड्रम बरोबर होता, अगदी बरोबर होता, आणि त्यानंच तुम्ही गेलात. हे तिला कळलं तर? सगळ्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून तुम्ही ओल्या अंगानं जुना ड्रम मागत फिरणार आणि ती त्याच दुकानांत नटबोल्ट घ्यायला जाणार. किती दिवस झाकून राहील?

म्हणून मी रहीमचाचांकडून तो ड्रम आणला. पोत्यात गुंडाळला आणि गोठ्यातल्या कोरड्या हौदात ठेवला, वर कडबा टाकला. मनाशी ठरवलं की काहीतरी निमित्त काढून गॅरेजवाल्याकडून तो परत जीपला बसवून घ्यायचा. तुमची इच्छा पुरी होईल, तुम्ही सुटाल, शालूला काही कळणार नाही. गाडी ओढेल थोडी. ओढू दे, तुम्ही एवढी वर्षं चालवलीच की! असा विचार केला मी. आईनं असा विचार केला.

आज सकाळी गोठ्यात गेले तर म्हैस हौदात तोंड घालून होती. उन्हाळ्यापासून त्या हौदात थेंब नव्हता. तळाला पोत्याभोवती बोटभर पाणी साचलं होतं. म्हशीनं वास घेतला, पण तोंड लावलं नाही. तहानेलं जनावर मागं सरलं.

दुपारी शालू खेपेवरून आली. म्हशीला वैरण टाकायला गेली आणि पोतं उचलून बाहेर घेऊन आली. दारात उभी राहून विचारलं, “आई, हे कावून आणलंस?”

मी म्हटलं, भंगारात स्वस्त मिळालं. मला खोटं बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तिनं पोतं खाली ठेवलं. “अण्णा माझ्याकडं पयल्याच दिवशी आलते,” ती म्हणाली.

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ती सांगत होती, मी ऐकत होते. जीप दुरुस्त होऊन आली, तिची पहिली खेप, भरली टाकी. उताराच्या उजव्या कडेला तुम्ही उभे होतात. तिनं ब्रेक दाबला. तुम्ही तिच्या बाजूला आलात, पायजम्यातून पाणी गळत होतं, आणि एवढंच म्हणालात की माझा ड्रम दे.

“मग? तू काय म्हणालीस?”

“न्हाई म्हणले. गाडी आता मी चालवते, अण्णा. माझा हात सरळ हाय.”

दुसऱ्या खेपेला पुन्हा तुम्ही तिथंच. तिसऱ्या खेपेला तिथंच. रोज तुम्ही मागता, रोज ती नाही म्हणते, आणि मग तुम्ही दुकानं हिंडायला जाता. मी तिला विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस?

“सांगितलं असतं तर तू आणून दिला असतास,” शालू म्हणाली. तिनं पायानं पोतं जरा लोटलं. “आणलासच की.”

ती खांबाला टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, “मला ठावं हाय आई. मी बसवला म्हणून अण्णा गेले. मला तवाच कळलं, चाकांचा माग बघून.”

मी उठून तिला जवळ घेतलं. तुझी चूक नाही म्हटलं, बरोबर तेच केलंस म्हटलं, तुझ्या बापाच्या हाताची खोड होती म्हटलं. ती हं हं करत राहिली. आणि तिला धरलेलं असतानाच मला जाणवलं. माझी पोर सरळ उभी नव्हती. ती डावीकडं झुकली होती. मी तिला खांद्याला धरून सरळ केलं, तर हात सोडल्यावर पुन्हा डावीकडं गेली. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

का, ते कळलं का तुम्हाला? तुम्ही उजव्या कडेला उभे राहता ना! तुम्हाला चुकवायला ती रोज त्या उतारावर ब्रेक दाबताना स्टेअरिंग डावीकडं घेते. रोज, भरल्या टाकीनं. डाव्या कडेलाही नाला तेवढाच खोल आहे.

अहो, ती तुमची लेक आहे! कागदी ड्रम हातात घेऊन उन्हातान्हात कुणासाठी फिरली होती ती? तिला आयुष्यभर पुरेल एवढं ओझं झालंच आहे. वर रोज तुम्ही तिच्यापुढं ओलेचिंब उभे राहता आणि तोच एक ड्रम मागता. एकदा तरी तिला म्हणालात का, की पोरी, तुझं चुकलं नाही? तेवढ्यासाठी आला असतात तर मी तुमच्या वाटेत रांगोळी घातली असती.

मी तुमच्याशी कधी वैर केलं नाही. आज केलं. दिवस मावळायच्या आत तो ड्रम मी लोहाराकडं नेला आणि घणाखाली फोडून घेतला. ओतीव, बिडाचं लोखंड ते, वाकलं नाही, तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याच्या मोडलेल्या कडेला ओल होती. लोहारानं बोटानं पुसून बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मजुरी घेतली नाही. तुकडे उद्या पहाटे भट्टीत जातील. आता तो ड्रम कुठल्याच दुकानात नाही, कुठल्याच भंगारात नाही. उगाच हिंडू नका. मांजरं चाटतात तुमच्या मागं, ते मला सोसत नाही.

हे लिहिता लिहिता कागदाची खालची कड भिजली आहे. मी रडत नाहीये. घरातला माठ सकाळपासून रिकामा आहे. उंबऱ्याकडं मी मुद्दाम बघत नाही. इतके दिवस वाट बघितली तुमची, नेमके आज आलात का? ऐका मग, आलाच आहात तर.

एक वचन देते तुम्हाला. उद्यापासून छावणी मोडेपर्यंत एकही खेप शालू एकटी करणार नाही. मी तिच्या शेजारी बसेन. उतार आला की तिला सांगेन, समोर बघ, स्टेअरिंग सरळ धर. तुम्हाला उजव्या कडेला उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. तुम्ही मागाल त्याला नाही मी म्हणेन, तिला म्हणावं लागणार नाही. तुमच्याकडं मी बघत जाईन. ती रस्त्याकडं बघेल.

तुमचीच,
सुमन